कॉम्प्युटर आणि घरच्या नेटवर्कची घड्याळं अचूक कशी ठेवायची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात आज लॅपटॉप, फोन, राउटर, टीव्ही, कॅमेरे, स्टोरेज अशा कितीतरी वस्तू नेटवर्कवर असतात आणि प्रत्येकीत एक घड्याळ चालू असतं. ती सगळी आपोआप बरोबर असतील असं आपण धरून चालतो, आणि बहुतेक वेळा असतातही. पण ज्या दिवशी नसतात त्या दिवशी समोर आलेली अडचण घड्याळाची आहे असं वाटतच नाही. वेबसाइट उघडत नाही, लॉगिन होत नाही, बॅकअप अर्धवट राहतो. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: घरातली वेळ जगाशी किती मिलिसेकंदांनी जुळते, यापेक्षा घरातली सगळी घड्याळं आपापसांत जुळतात की नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुढची बरीच उत्तरं याच अंगाने दिली आहेत.

कॉम्प्युटर एवढी अचूक गणितं करतो, मग त्याचं घड्याळ का चुकतं?

कारण त्याच्या मुळाशी क्वार्ट्झचा एक बारीकसा स्फटिक असतो आणि कोणतेही दोन स्फटिक अगदी एकाच वेगाने कंप पावत नाहीत. मदरबोर्डवर वेळ सांभाळणारा स्फटिक मनगटी घड्याळातल्यासारखाच असतो, सेकंदाला ३२,७६८ कंपनांचा. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात. पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला बरोबर एक ठोका मिळतो. अशा स्फटिकाला कारखान्यातून निघतानाच साधारण २० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत वीस भागांची, चूक माफ असते. ऐकायला क्षुल्लक, पण दिवसाचे सेकंद ८६,४००. एक पीपीएम म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद. वीस पीपीएम म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला जवळजवळ एक मिनिट.

त्यात तापमानाची भर पडते. हे स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअसला सगळ्यात वेगाने चालतात. त्याहून गरम झालं तरी आणि थंड झालं तरी ते मंदावतात, तेही तापमानातल्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात. ४५ अंशांपर्यंत तापलेल्या पेटीतलं घड्याळ निव्वळ उष्णतेपायी दिवसाला सेकंदभर मागे पडतं. महागडा कॉम्प्युटर घेतला म्हणून यातून सुटका होत नाही, कारण आतला स्फटिक बहुधा तसाच असतो.

कॉम्प्युटर बंद असताना वेळ कोण सांभाळतं?

कॉम्प्युटरमध्ये खरं तर दोन घड्याळं असतात. एक मदरबोर्डवरचं आरटीसी (रिअल टाइम क्लॉक), जे बंद असतानाही एका बटण सेलवर चालतं. डेस्कटॉपमध्ये हा सेल बहुधा सीआर२०३२, तीन व्होल्टचा. दुसरं ऑपरेटिंग सिस्टिमचं घड्याळ. ते मशीन सुरू होताना आरटीसीकडून एकदा वेळ उचलतं आणि त्यानंतर स्वतःच्या मोजणीवर चालतं. टास्कबारवर दिसते ती वेळ या दुसऱ्या घड्याळाची.

रोज सकाळी मशीन सुरू केल्यावर तारीख काही वर्षं मागे गेलेली दिसत असेल, तर सेल संपला असं खुशाल समजा. वीज जोडलेली असताना सगळं ठीक आणि प्लग काढला की गडबड, हेही त्याचंच लक्षण. सेल बदलायला पाच मिनिटं लागतात. मात्र त्यानंतर बायॉसमधल्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधल्या, बाकीच्या सेटिंग्जवरही एक नजर टाका, कारण काही मशीनवर त्याही मूळ स्थितीला गेलेल्या असतात.

थोडा फरक पडला तर बिघडतं काय?

किती फरक पडला त्यावर आहे. काही वर्षांचा फरक असेल तर सुरक्षित वेबसाइट जवळपास उघडतच नाहीत. वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या प्रत्येक प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं, आणि तुमच्या मशीनच्या हिशेबाने ते एकतर अजून सुरूच झालेलं नसतं किंवा कधीच संपलेलं असतं. ब्राउझर जो इशारा देतो तो वाचून लोक अँटिव्हायरस बदलतात, राउटर रिसेट करतात. आधी तारीख बघा.

मिनिटांचा फरक असेल तर ऑथेंटिकेटर ॲपमधले सहा आकडी कोड नाकारले जातात. हे कोड दर ३० सेकंदांनी बदलतात आणि फोन व सर्व्हर दोघेही आपापल्या घड्याळावरून ते स्वतंत्रपणे काढतात. सहसा शेजारचा एखादा कोड चालवून घेतला जातो, त्यापलीकडे नाही. ऑफिसच्या विंडोज डोमेनमध्ये लॉगिन कर्बेरॉस पद्धतीने होतं, तिथे मूळ मर्यादा पाच मिनिटांची असते.

सेकंदांचा फरक सगळ्यात फसवा, कारण तो दिसतच नाही. दोन मशीनमध्ये फोल्डर सिंक करणारा प्रोग्राम 'नवीन फाइल कोणती' हे वेळेवरून ठरवतो. एका मशीनचं घड्याळ पुढे असेल तर तिथली जुनी फाइल नवी ठरते आणि दुसरीकडे केलेलं ताजं काम पुसलं जाऊ शकतं. प्रोग्रामरना 'मेक' या, कोडपासून प्रोग्राम बनवणाऱ्या, प्रोग्रामचा अनुभव असतोच: फाइल बदलली तरी तो पुन्हा बिल्ड करत नाही, कारण फाइलवरची वेळ त्याला जुनी वाटते.

आणि नोंदी. समजा, रात्री नेटवर्कवर कोणीतरी अनोळखी उपकरण जोडलं. राउटरच्या लॉगमध्ये वेळ आहे २:१४:१०. दाराच्या कॅमेऱ्यात एक माणूस दिसतो २:०९:३० ला. स्टोरेजवर लॉगिनचा प्रयत्न झाला २:१६:०२ ला. कॅमेरा पावणेपाच मिनिटं मागे असेल तर माणूस आणि उपकरण एकाच वेळचे ठरतात, आणि घड्याळ बरोबर असेल तर दोघांचा काही संबंध नाही. नंतर बसून हे सोडवणं जवळजवळ अशक्य असतं, कारण त्या रात्री कोणतं घड्याळ किती चुकत होतं याची नोंद कुठेच नसते. घरातली घड्याळं आपापसांत जुळली पाहिजेत असं मी म्हणतो ते यासाठी.

इंटरनेटवरून वेळ येईपर्यंत तिला उशीर झालेला असतो. मग ती अचूक कशी?

हा प्रश्न सगळ्यात चांगला आहे आणि त्याचं उत्तरही सुंदर आहे. वेळ मिळवण्यासाठी वापरतात तो प्रोटोकॉल म्हणजे एनटीपी (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल). डेव्हिड मिल्स यांनी त्याचं पहिलं रूप १९८५ साली मांडलं, आणि पुढे डेलावेअर विद्यापीठात कितीतरी वर्षं ते त्यावर काम करत राहिले. चौथी आवृत्ती २०१० मध्ये प्रमाणित झाली आणि आजही तीच चालते.

एका देवाणघेवाणीत चार वेळा टिपल्या जातात: तुमच्या मशीनने विचारलं ती, सर्व्हरला प्रश्न पोचला ती, सर्व्हरने उत्तर पाठवलं ती आणि तुमच्या मशीनला उत्तर मिळालं ती. पहिली आणि शेवटची तुमच्या घड्याळाची, मधल्या दोन सर्व्हरच्या.

आकडे घालून बघू. तुमचं घड्याळ अर्धा सेकंद मागे आहे, जायला २० मिलिसेकंद आणि यायला २० मिलिसेकंद लागतात, सर्व्हर उत्तर द्यायला १ मिलिसेकंद घेतो. तुमच्या घड्याळाप्रमाणे प्रश्न ०.००० ला निघाला. सर्व्हरकडे तो पोचला ०.५२० ला, उत्तर निघालं ०.५२१ ला. तुमच्याकडे ते आलं तेव्हा तुमचं घड्याळ ०.०४१ दाखवत होतं. जाताना दिसलेला फरक ०.५२०, येताना दिसलेला फरक ०.५२१ वजा ०.०४१, म्हणजे ०.४८०. दोन्हींची सरासरी बरोबर ०.५००. प्रवासाचा वेळ एकदा मिळवला गेला, एकदा वजा झाला आणि हिशेबातून निघून गेला.

यात एकच गृहीत धरलेलं आहे: जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. जायला ६० आणि यायला २० मिलिसेकंद लागले, तर याच गणिताचं उत्तर ०.५२० येतं, म्हणजे २० मिलिसेकंदांची चूक. दोन्ही दिशांमधल्या फरकाच्या बरोबर निम्मी. कोणी मोठी फाइल अपलोड करत असताना वेळ थोडी डळमळते ती यामुळेच. म्हणून एनटीपी एका उत्तरावर विसंबत नाही. तो पुन्हापुन्हा विचारतो आणि ज्या खेपेला एकूण प्रवास सगळ्यात कमी वेळात झाला त्या उत्तराला जास्त मान देतो, कारण तेव्हा रांगेत अडकण्याची शक्यता कमी असते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत नसते. एनटीपी काटे फिरवतोच, पण घड्याळाची चालही सुधारतो. तुमचा स्फटिक १२ पीपीएमने मंद आहे हे काही तासांत त्याच्या लक्षात येतं, आणि मग तो सिस्टिमच्या घड्याळाला तेवढंच वेगाने चालवतो. त्यामुळे इंटरनेट दिवसभर गेलं तरी घड्याळ फारसं भरकटत नाही.

स्ट्रॅटम म्हणजे काय?

मूळ स्रोतापासूनचं अंतर. अणुघड्याळ किंवा जीपीएस रिसीव्हर स्ट्रॅटम ०, त्याला थेट जोडलेला सर्व्हर १, त्याच्याकडून वेळ घेणारा २, असं १५ पर्यंत. १६ म्हणजे वेळ जुळलेली नाही. आकडा लहान म्हणजे वेळ जास्त चांगली असं मात्र समजू नका. जवळचा स्ट्रॅटम २ सर्व्हर जगाच्या दुसऱ्या टोकाच्या स्ट्रॅटम १ पेक्षा बहुतेक वेळा सरस ठरतो.

घरी किती अचूकतेची अपेक्षा ठेवावी?

साध्या इंटरनेट जोडणीवर एक आकडी ते दोन आकडी मिलिसेकंद. घरातल्या घरात केबलने जोडलेल्या मशीनमध्ये एक मिलिसेकंदाच्या आत. वायफायवर थोडं जास्त, कारण वायफायमध्ये थांबणं आणि पुन्हा पाठवणं चालूच असतं, आणि बॅटरी वाचवण्यासाठी फोनचा रेडिओ मधूनमधून झोपतो. कॅमेरे, लॉग, बॅकअप, लॉगिन या सगळ्यांना सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याची अचूकता पुष्कळ झाली.

मायक्रोसेकंदांच्या खाली जाणारा पीटीपी नावाचा वेगळा प्रोटोकॉल आहे. त्याला वेळ टिपणारी नेटवर्क कार्डं आणि स्विच लागतात. स्टुडिओत किंवा कारखान्यात त्याला अर्थ आहे, घरात सहसा नाही.

किती सर्व्हर द्यावेत, आणि कोणते?

चार द्या. एकच दिला आणि तो चुकला तर तुम्हीही चुकाल आणि कळणारही नाही. दोन देणं तर सगळ्यात वाईट: दोघांचं पटेनासं झालं की कोण खरं हे ठरवायला मार्गच उरत नाही. तीन असतील तर खोटा एक ओळखता येतो. चौथा असेल तर त्यातला एखादा बंद पडला तरी ही सोय टिकते.

बहुतेकांसाठी योग्य उत्तर म्हणजे एनटीपी पूल. २००३ साली सुरू झालेला हा स्वयंसेवकांचा उपक्रम आहे. जगभरातले लोक आपले सर्व्हर त्यात देतात आणि 'पूल डॉट एनटीपी डॉट ऑर्ग' या नावामागे तुमच्या जवळचे सर्व्हर आलटून पालटून मिळतात. या नावाच्या सुरुवातीला शून्य, एक, दोन, तीन लावून चार नावं होतात. तुमच्या देशाची राष्ट्रीय मापन संस्था किंवा इंटरनेट सेवादाता वेळ देत असेल तर त्यातला एखादा जोडीला घ्यायला हरकत नाही.

एक कळकळीची विनंती. कुठल्यातरी विद्यापीठाच्या सर्व्हरचा आकडी पत्ता शोधून तो सेटिंगमध्ये कायमचा घालू नका. २००३ मध्ये नेटगिअरच्या काही राउटरमध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या सर्व्हरचा पत्ता असाच कोरलेला होता. उत्तर आलं नाही की ते राउटर दर सेकंदाला पुन्हा विचारत. लाखो उपकरणांच्या त्या माऱ्याने विद्यापीठाचं नेटवर्क बेजार झालं. ही सेवा लोक फुकट देतात, तिचा मान ठेवला पाहिजे.

घड्याळ चुकीचं आहे हे कळल्यावर सिस्टिम ते लगेच बरोबर का करत नाही?

वेळेने एकदम उडी मारली, त्यातही मागे मारली, तर चालू प्रोग्राम गोंधळतात. एकच क्षण दोनदा येतो. डेटाबेसमध्ये नंतरची नोंद आधीची दिसते. म्हणून फरक लहान असेल तर घड्याळ किंचित जलद किंवा मंद चालवून हळूहळू जुळवतात. एनटीपीडी या एनटीपीच्या जुन्या प्रोग्राममध्ये ही सीमा १२८ मिलिसेकंद आहे आणि चाल जास्तीत जास्त ५०० पीपीएमने बदलते. त्या गतीने पूर्ण एक सेकंद भरून काढायला दोन हजार सेकंद लागतील, म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त. फरक १,००० सेकंदांच्या वर असेल तर एनटीपीडी मुळात काम करायलाच नकार देतो: एवढी मोठी चूक माणसानेच पाहावी, असा त्यामागचा विचार. मला तो योग्य वाटतो.

विंडोजमध्ये काय करायचं?

सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'डेट अँड टाइम'. वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू ठेवा आणि 'सिंक नाउ' दाबा. जुन्या विंडोजमध्ये घरगुती मशीन आठवड्यातून एकदाच वेळ विचारायचं, त्यामुळे मधल्या दिवसांत दहाएक सेकंदांचा फरक सहज पडायचा.

अडकायला होतं ते दुसरीकडेच. घरगुती विंडोज मूळ सेटिंगमध्ये १५ तासांपेक्षा मोठी दुरुस्ती करत नाही. सेल संपून तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर 'सिंक नाउ' कितीही वेळा दाबलं तरी उपयोग होत नाही. आधी तारीख आणि वेळ हाताने अंदाजे बरोबर करा, मग सिंक करा.

लिनक्सवर क्रोनी की टाइमसिंकडी?

दोन्ही वेळ जुळवणारे प्रोग्राम आहेत. साधा लॅपटॉप असेल तर सिस्टिमडी या लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेसोबत येणारा टाइमसिंकडी पुरतो. तो फक्त वेळ घेतो, दुसऱ्यांना देत नाही, आणि एका वेळी एकाच सर्व्हरवर विसंबतो. मशीन दिवसरात्र चालू असेल, घरातल्या इतरांना वेळ द्यायची असेल किंवा जोडणी सारखी तुटत असेल तर क्रोनी घ्या. माझी पसंती क्रोनीलाच. झोपेतून उठलेल्या लॅपटॉपवर तो लवकर सावरतो आणि स्फटिकाची चाल फाइलमध्ये लिहून ठेवत असल्यामुळे रीस्टार्टनंतर शून्यापासून शिकावं लागत नाही. त्याच्या सेटिंग फाइलमधली 'मेकस्टेप १ ३' ही ओळ तेवढी असू द्या. पहिल्या तीन दुरुस्त्यांमध्ये फरक सेकंदाहून मोठा असेल तर उडी मारायची, नंतर मात्र हळूहळूच, असा तिचा अर्थ. दोन्ही सेवा एकत्र चालवू नका, एकाच घड्याळाला दोन मालक नकोत.

मॅकवर बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. आपोआप वेळ घेण्याचा पर्याय चालू आहे एवढं पाहा.

मिनिटं आणि सेकंद बरोबर आहेत, पण तास चुकतो. का?

हा सिंकचा दोष नाही. एनटीपी फक्त यूटीसी, म्हणजे सगळ्या जगाची एकच प्रमाण वेळ, देतो; टाइम झोन तुमच्या मशीनवर ठरतो. आधी झोन तपासा.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर कारण वेगळं असतं. विंडोज आरटीसीमध्ये स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तिथे यूटीसी आहे असं मानतं. लिनक्समधून विंडोजमध्ये गेलात की घड्याळ नेमकं झोनच्या फरकाइतकं हललेलं दिसतं. विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' ही किंमत १ केली की तेही यूटीसी मानू लागतं. उलट, लिनक्सला स्थानिक वेळ मानायला लावता येतं, पण उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत दोन्ही सिस्टिम आपापल्या परीने तास बदलतात आणि फरक दुप्पट होतो. पहिला मार्ग बरा.

घरात स्वतःचा टाइम सर्व्हर ठेवावा का?

माझं उत्तर स्पष्ट हो असं आहे, आणि तो बहुधा तुमच्याकडे आधीपासूनच आहे: राउटर. बऱ्याच राउटरमध्ये स्वतः वेळ घेऊन घरात वाटण्याची सोय असते. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक खूण करावी लागते. राउटरमध्ये जमत नसेल तर सतत चालू असलेल्या कोणत्याही लिनक्स मशीनवर क्रोनी बसवा आणि 'अलाउ' ओळीत घरच्या नेटवर्कचा पत्ता द्या.

फायदा असा की सगळी उपकरणं एकाच ठिकाणाहून वेळ घेतात, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी ती एकत्रच राहतात. क्रोनीमध्ये 'लोकल स्ट्रॅटम १०' लिहिलं तर बाहेरचे सगळे स्रोत तुटल्यावरही तो घराला वेळ देत राहतो. कॅमेऱ्यांच्या बाबतीत तर याला पर्यायच नाही. त्यांना मी इंटरनेटवर जाऊ देऊ नये असंच सुचवेन, आणि मग वेळ घरातूनच मिळायला हवी.

डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना नेटवर्कवरचा पत्ता देणारी पद्धत, तिच्या ४२ क्रमांकाच्या पर्यायातून सर्व्हरचा पत्ता उपकरणांना आपोआप कळवता येतो, पण पुष्कळ उपकरणं तिकडे लक्षच देत नाहीत. कॅमेरा, स्टोरेज, प्रिंटर यांच्या सेटिंगमध्ये पत्ता हाताने घालावा लागतो. एकदाच करायचं काम आहे.

हा सर्व्हर बाहेरच्या जगाला मात्र उघडा ठेवू नका. एनटीपी यूडीपी या माहिती पाठवण्याच्या साध्या पद्धतीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो आणि यूडीपीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो. २०१४ च्या सुमारास जुन्या एनटीपीडीतला 'मॉनलिस्ट' हा आदेश वापरून मोठे हल्ले झाले. छोटासा प्रश्न पाठवायचा, त्यावर दुसऱ्या कोणाचा तरी पत्ता टाकायचा, आणि मग कितीतरी पट मोठं उत्तर त्या बिचाऱ्यावर जाऊन आदळायचं. फायरवॉलमध्ये बाहेरून १२३ वर येणारे नवे प्रश्न बंद असावेत. तुमच्या स्वतःच्या प्रश्नांची उत्तरं त्याने अडत नाहीत.

सिंक खरोखर चालू आहे हे कसं पाहायचं?

वेळ बरोबर दिसते म्हणजे सिंक चालू आहे असं नाही. कदाचित ते महिन्यापूर्वी बंद पडलं असेल आणि स्फटिक योगायोगाने चांगला असेल.

क्रोनीमध्ये 'क्रोनीसी सोर्सेस' चालवा. प्रत्येक सर्व्हरच्या ओळीच्या सुरुवातीला एक खूण असते. तारा म्हणजे सध्या निवडलेला, अधिक म्हणजे त्याच्या जोडीला घेतलेला, वजा म्हणजे चांगला पण हिशेबात न धरलेला, प्रश्नचिन्ह म्हणजे पोचता येत नाही, आणि फुली म्हणजे बाकीच्यांशी न पटणारा, खोटा ठरवलेला. 'रीच' या रकान्यात ३७७ दिसलं पाहिजे. हा आकडा अष्टमान पद्धतीतला आहे आणि शेवटच्या आठ प्रयत्नांची हजेरी सांगतो. ३७७ म्हणजे आठही वेळा उत्तर आलं. ० असेल तर फायरवॉलची किंवा नावावरून पत्ता शोधण्याची अडचण आहे का ते पाहा.

'क्रोनीसी ट्रॅकिंग' मध्ये 'फ्रीक्वेन्सी' ही ओळ वाचा. तिथे १२.४ पीपीएम मंद असं दिसलं तर दुरुस्तीशिवाय तुमचं मशीन दिवसाला १.०७ सेकंद मागे पडलं असतं. हा आकडा दिवसेंदिवस जवळपास सारखा राहायला हवा. तो एकाएकी खूप बदलला तर मशीन तापतंय का ते पाहा.

विंडोजमध्ये 'डब्ल्यू३२टीएम' ला 'क्वेरी' आणि 'स्टेटस' हे पर्याय दिले की शेवटचं यशस्वी सिंक कधी झालं आणि कोणाकडून, ते कळतं. 'स्ट्रिपचार्ट' पर्याय एखाद्या सर्व्हरशी असलेला फरक ओळीमागून ओळ दाखवत राहतो. कॅमेऱ्यासारख्या वस्तूंसाठी सोपी युक्ती: सेकंद दाखवणारा फोन कॅमेऱ्यासमोर धरा आणि नंतर फुटेजमधली वेळ व फोनवरची वेळ एकाच फ्रेममध्ये वाचा.

रास्पबेरी पाय सुरू झाला की जुनीच वेळ दाखवतो. काय करावं?

रास्पबेरी पाय हा एकाच बोर्डवरचा छोटा कॉम्प्युटर. त्याच्या पाय ४ पर्यंतच्या बोर्डांत आरटीसी नाही. पाय ५ मध्ये आहे, पण त्याची बॅटरी वेगळी जोडावी लागते. आरटीसी नसेल तर बंद होण्यापूर्वी जतन केलेल्या वेळेपासून बोर्ड पुढे चालू लागतो आणि नेटवर्क मिळाल्यावर दुरुस्त होतो.

यात एक खोडा पडू शकतो. एनटीपी सर्व्हरच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधायला डीएनएस लागतं. डीएनएसला सुरक्षा लावलेली असेल तर सह्या किंवा प्रमाणपत्रं तपासायला बरोबर वेळ लागते. वेळ मिळवायला एनटीपी लागतो. अशा वर्तुळात अडकलेला बोर्ड तासन्‌तास तसाच बसतो. घरच्या टाइम सर्व्हरचा आकडी पत्ता दिला की वर्तुळ तुटतं. तो आपल्याच घरातला असल्याने पत्ता कोरून ठेवण्यात काही गैर नाही. दुसरा उपाय डीएस३२३१ हे छोटं मॉड्यूल. त्यात स्फटिकाच्या तापमानाची भरपाई आतच होते, आणि ० ते ४० अंशांत चूक २ पीपीएमच्या आत राहते, म्हणजे वर्षाला सुमारे एक मिनिट.

जीपीएस लावून स्ट्रॅटम १ सर्व्हर करावा का?

गरज म्हणून नाही, पण शिकायला फार छान. फक्त यूएसबीचा रिसीव्हर लावून निराश होऊ नका: त्यातून येणारा मजकूर कधी लवकर कधी उशिरा पोचतो आणि वेळ दहा-शंभर मिलिसेकंद डळमळते. रिसीव्हरला पीपीएस, म्हणजे दर सेकंदाला ठोका देणारी, वेगळी तार हवी. ती बोर्डच्या पिनला जोडली की मायक्रोसेकंदांपर्यंत पोचता येतं. अँटेनाला मोकळं आकाश दिसलं पाहिजे. आणि जीपीएसची स्वतःची वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे, हा फरक १ जानेवारी २०१७ पासूनचा. रिसीव्हर सहसा स्वतःच तो वजा करतो, पण नुकताच सुरू झालेला असताना काही मिनिटं जुना आकडा वापरू शकतो.

व्हर्च्युअल मशीनमध्ये वेगळं काही?

व्हर्च्युअल मशीन म्हणजे मूळ मशीनच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा कॉम्प्युटर. थांबवून पुन्हा सुरू केलेलं असं मशीन मागच्याच वेळेत जागं होतं. मूळ मशीनकडून वेळ घेणं किंवा आत एनटीपी चालवणं, यातलं एकच ठेवा. डॉकर कंटेनरला, म्हणजे मूळ मशीनवरच वेगळ्या डब्यात चालणाऱ्या प्रोग्रामला, स्वतःचं घड्याळ नसतं. तिथे मूळ मशीनच दुरुस्त करायचं.

लीप सेकंद आला तर?

लीप सेकंद म्हणजे यूटीसी पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवण्यासाठी घातलेला जादा सेकंद. १९७२ पासून असे २७ लीप सेकंद मिळवले गेले, शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ ला. ३० जून २०१२ च्या लीप सेकंदाने लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे गाभ्यातला, एक दोष उघडा पडला आणि अनेक सर्व्हर शंभर टक्के प्रोसेसर खाऊ लागले. २०२२ मध्ये मापनांच्या जागतिक परिषदेने २०३५ पर्यंत ही पद्धत बाजूला सारण्याचा ठराव केला आहे.

तोवर एकच काळजी घ्या. गूगलचे टाइम सर्व्हर तो जास्तीचा सेकंद २४ तासांवर पसरवून टाकतात, बाकीचे बरेच सर्व्हर तसं करत नाहीत. दोन्ही जातीचे सर्व्हर एकाच यादीत घातले तर त्या दिवशी त्यांच्यात अर्ध्या सेकंदापर्यंत फरक पडेल आणि तुमचं मशीन कोणाला खोटं ठरवेल सांगता येत नाही.

कोणी मुद्दाम चुकीची वेळ देऊ शकेल का?

साध्या एनटीपीत उत्तरावर सही नसते, त्यामुळे वाटेत बसलेल्याला ते बदलता येतं. २०२० मध्ये एनटीएस हे प्रमाण आलं. त्यात आधी टीएलएसने, म्हणजे सुरक्षित वेबसाइट वापरतात त्याच पद्धतीने, ओळख पटते, मग प्रत्येक उत्तरावर शिक्का असतो. क्रोनीला ते येतं आणि क्लाउडफ्लेअर कंपनीचा सर्व्हर ते देतो, फक्त सर्व्हरच्या ओळीच्या शेवटी 'एनटीएस' लिहायचं. घरच्या मुख्य टाइम सर्व्हरवर ते जरूर लावा.

२०३६ आणि २०३८ या वर्षांचं काय?

एनटीपी सेकंद मोजतो ते १ जानेवारी १९०० पासून, ३२ बिटांत. ही मोजणी ७ फेब्रुवारी २०३६ ला भरून पुन्हा शून्यावर येते. नीट लिहिलेले प्रोग्राम आजूबाजूच्या काळावरून युग ओळखतात, त्यांना अडचण नाही. दुसरी तारीख १९ जानेवारी २०३८. त्या दिवशी १९७० पासून चिन्हासह ३२ बिटांत मोजणारी जुनी सॉफ्टवेअर संपतात. आजचे ६४ बिटांचे कॉम्प्युटर बहुतांशी सुरक्षित आहेत. प्रश्न आहे तो भिंतीवरच्या कॅमेऱ्यांचा आणि वर्षानुवर्षं अपडेट न मिळणाऱ्या पेट्यांचा. अशा वस्तूची परीक्षा आजही घेता येते: तिचं आपोआप वेळ घेणं बंद करा, हाताने २०३८ च्या फेब्रुवारीतली तारीख घाला, रीस्टार्ट करा आणि रेकॉर्डिंग व लॉगिन चालतं का बघा. त्याआधी सेटिंग्ज आणि जुनी फुटेज दुसरीकडे उतरवून ठेवा, कारण जुनं पुसून जागा करणारे रेकॉर्डर पुढची तारीख दिसताच हातातली सगळी फुटेज कालबाह्य समजून पुसू शकतात.